मावशीच्या डोक्यावर ठेवलेला हात

आमच्या चर्चच्या मंडळीत एक खुळी रीत होती. वर्षातून एका रविवारी वडीलजन तरुण मुलामुलींना पुढे बोलवायचे, डोक्यावर हात ठेवायचे आणि देवाने कुणाला कोणतं कृपादान दिलंय ते जाहीर करायचे. कुणाला शिकवण्याचं, कुणाला आजाऱ्यांच्या सेवेचं. माझ्या आईला पाहुणचाराचं मिळालं होतं. दारात पाहुणा दिसला की ती आजही कपाळाला आठ्या घालते.

मावशीच्या डोक्यावर खुद्द आजोबांनी हात ठेवला. वडीलजनांत तेच मुख्य होते. "हिला अविवाहित राहण्याचं कृपादान आहे," ते म्हणाले, आणि सगळे आमेन म्हणाले. आजी नुकतीच गेली होती, आई सासरी होती आणि आजोबांना गरम जेवण वाढणारं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही म्हणजे कमाल आहे.

मावशी शिवणकाम करायची. खिडकीला लागून मशीन, भिंतीला उंच आरसा. मंडळीतल्या प्रत्येक नवरीचा पांढरा झगा तिच्याच हातचा. माप घेताना नवऱ्या अखंड बडबडायच्या, आणि ही तोंडात टाचण्या धरून नुसती मान डोलवायची.

चर्चचे बाक करणारा तरुण सुतार तिला आवडायचा. तो मागणी घालायला येईल अशी तिला आशा होती. आला तर आपल्याला ते दान नाही असं समजायचं, असं तिने मनाशी ठरवलंच होतं. तो आला नाही. पुढे त्याचं दुसरीकडे जमलं. त्याच्या नवरीचा झगा मावशीने दोनदा उसवून पुन्हा शिवला, असं आई सांगते. आपलं दान खरंच असणार, अशी तिने मनाची समजूत घातली आणि आजोबांचं सगळं केलं.

आजोबा गेले तेव्हा शवपेटी करायला तोच सुतार आला. आता तो नातवंडांचा आजोबा झाला होता. अंगणात तो पेटीला आतून पांढरं कापड ठोकत होता, मावशी चुण्या घालत होती आणि मी कापडाचं टोक धरून उभी होते.

"आज बोलू नये, पण राहवत नाही," तो खाली बघत म्हणाला. "त्या रविवारनंतर मी तुमच्या वडिलांकडे आलो होतो. मागणी घालायला. ते म्हणाले, देवाने दिलेलं मोडायला निघालास? मग पुन्हा पायरी चढलो नाही. देवाशी कोण वाद घालणार?"

मावशीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"मला वाटलं, तुम्ही आलाच नाहीत," ती म्हणाली.

मग तिने उरलेल्या चुण्या घातल्या. एकही वाकडी गेली नाही. मला मात्र आजोबांचा इतका राग आला की ती पेटी लाथाडावीशी वाटली.

दफनाच्या उपासनेत पाळक बोलले. माणूस चांगला, वयाने लहान. लग्न हे देवाचं दान, तसं एकटं राहणं हेही दान, असं सांगून ते मावशीकडे वळले. "या घराला देवाने ते दान लाभलेली मुलगी दिली. तिने आनंदाने वडिलांची सेवा केली."

मावशी उठून उभी राहिली.

"सेवा केली, पाळकसाहेब. मनापासून केली. पण ते दान मला देवाने दिलं नव्हतं, बाबांनी दिलं होतं. मला लग्न करायचं होतं."

सुतार मागच्या बाकावर बायकोशेजारी मान खाली घालून बसला होता. आईने मावशीचा पदर ओढला. "अगं, आज तरी गप्प बसायचंस!"

"आजपर्यंत बसलेच होते की," मावशी म्हणाली.

पेटी बंद करायच्या आधी ती पुढे गेली, सवयीने वाकून तिने आजोबांची कॉलर सरळ केली, आणि मग मोठ्याने रडली. कुणासाठी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.