वर तीस लिहून गेला

कोंडीराम गेल्याचं मला आबांनी सांगितलं, तेही तो जाऊन चौदा दिवस झाल्यावर. आबा म्हणजे त्याचे वडील. लोणावळ्यातली त्याची खोली रिकामी करायला ते वडिवळ्याहून आले होते. "ताप मेंदूत गेला म्हनले. तुमी आला न्हाई ते... कळलंच नसंल तुमास्नी," ते म्हणाले. कळलं नव्हतं हे खरं. पण त्याची गल्ली माझ्या शाळेच्या वाटेवर होती आणि महिनाभर मी मान वळवली नव्हती, हेही खरं.

कोंडीराम एका शाळेत गणित शिकवायचा, मी दुसऱ्या शाळेत मराठी. दोघंही एकटे, त्यामुळे संध्याकाळचा चहा बहुधा त्याच्या खोलीवर. परसात त्याने पत्र्याच्या डब्यावर नरसाळं बसवून पाऊस मोजायचं खूळ घेतलं होतं. रोज सकाळी आठला डब्यातलं पाणी मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा, डबा रिकामा करून परत ठेवायचा. महिना सुरू होण्याआधीच तो पानाच्या माथ्यावर एक चिन्ह काढून ठेवी. मी म्हणालो, "ही इंग्रजी एम आडवी का पाडलीस?" तो हसला. "सिग्मा आहे तो. बेरजेचा हुकूम. खाली एक लिहिलंय, तिथून निघायचं. वर तीस लिहिलंय, तिथं थांबायचं. मधला एकही दिवस गाळायचा नाही." आमच्या दोघांच्याही शाळांत हे कुणी शिकवत नव्हतं, पुण्याला शिकून आलेलं त्याने स्वतःपुरतं जपलं होतं.

ऑगस्टात आबांना बरं नव्हतं म्हणून तो आठ दिवस गावी गेला आणि वही माझ्या हाती दिली. त्यातले तीन दिवस चांगली उघडीप होती. मी गेलोच नाही, आणि वहीतली त्या दिवसांची घरं कोरी ठेवली. परत आल्यावर त्याने वही पाहिली. "इथं पाऊस पडला नाही, की तू गेला नाहीस?"

"पडला नाही. कोरं म्हणजे शून्यच की."

"शून्य म्हणजे जाऊन पाहिलं आणि नव्हतं. कोरं म्हणजे कुणी पाहिलंच नाही. तुझ्या कोऱ्या घरांनी माझी बेरीज मेली, गोविंदा."

मला राग आला. तीन थेंबांसाठी मास्तराने मास्तराला झापावं... 'तुझी बेरीज तुला लखलाभ' म्हणून मी उठलो तो पुन्हा गेलो नाही. त्यानेही बोलावलं नाही. माझा ताठा तुटेना, आणि तिकडे त्याला ताप भरला, भावाने गावी नेलं, तिथंच तो संपला.

आबा भांडी बांधत होते. परसात जाऊन म्हणाले, "ह्ये फेकून द्यू का? लय पानी साठलंय." मी जवळजवळ ओरडलोच, "थांबा आबा, हात लावू नका." वही उघडली. सप्टेंबरच्या पानावर सिग्मा, खाली एक, वर तीस. नऊ तारखेपर्यंत त्याचं बारीक अक्षर, पुढे सगळं कोरं. डबा भरून वाहिला नव्हता, म्हणजे सतरा दिवसांचं पाणी तिथंच होतं. मी माप भरून भरून ओतलं. कुठल्या दिवशी किती पडला हे आता कुणालाच कळणार नाही. बेरीज तेवढी उरली होती. त्या सतरा घरांना कंस घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताने ते चिन्ह काढलं. खाली दहा, वर सव्वीस. आबा बघत होते. "त्याचंच काम हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी "व्हय" म्हणालो, आणि मला फार रडू आलं.

खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आलंय. घरमालकीणबाईंनी डबा मात्र राहू दिला. उरलेले चार दिवस मी गेलो, तिसाव्या दिवशी बेरीज मांडली आणि दुसऱ्या सकाळी नवं पान उघडलं. पाऊस आता माघारी गेलाय. लोक म्हणतात, मास्तर, कोरड्या डब्यात रोज काय बघता... चहाला कुणी नसतं, आकडा लिहितो आणि परत येतो.

आजही डबा कोरडा होता. मी शून्य लिहिलं. कोंडीराम, मी आलो होतो.