मजुरीची खडी, दानाची खडी

परवा कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवात एक वक्ता माइकला चिकटून म्हणाला, "बहात्तरच्या दुष्काळात आपल्या संस्थेने एका मजुराच्या मुलीला परीक्षेला बसण्याची संधी दिली!" टाळ्या पडल्या. मी आयुष्यभर टाळ्यांवर जगलेला माणूस, पण त्या टाळ्यांनी माझं डोकं तापलं. संधी दिली म्हणे! सत्यभामेला कुणी काय दिलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या वर्षी आमची नाटक कंपनी बसली होती. प्यायला पाणी नाही तिथं तिकीट कोण काढणार? तेलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष विठ्ठलराव यांनी माळावर कॉलेज काढलं होतं. संमेलनाचं नाटक बसवायला त्यांनी मला बोलावलं आणि राहायला खोली दिली. माणूस दिलदार. त्यांच्या घरच्या भाकरीची चव अजून आठवते, ते मी नाकारत नाही.

कॉलेजचा रुबाब मोठा होता. मुलाखत घेऊन वेचून आणलेली मोजकी मुलं, सगळ्यांना खादीचे कपडे, पुण्याहून आणलेले प्राध्यापक, शनिवारी इंग्रजीतून वादविवाद. आणि रोज सकाळी श्रमदान. प्रार्थना झाली की मुलांनी हातोडे घेऊन कॉलेजच्या रस्त्यासाठी खडी फोडायची. त्याची हजेरी वेगळी आणि ती भरली नाही तर परीक्षेला बसता यायचं नाही.

तोच रस्ता सरकारनं दुष्काळी कामातही घेतला होता. मध्ये एक सुतळी बांधलेली. अलीकडे खादीतली मुलं दान म्हणून खडी फोडत, पलीकडे गावोगावच्या बाया पोटासाठी.

सत्यभामा या दोन्हींकडची. चकलांब्याच्या बौद्ध वस्तीतली पोर, मुलाखतीत पहिली आलेली. आवाज असा की शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न शब्द पोचावा. मी तिला नाटकात मुख्य काम दिलं होतं. तिची आई मालनबाई गाव सोडून याच कामावर आली होती. एके दिवशी मालनबाईच्या बोटांवर हातोडा बसला आणि हात भोपळ्यासारखा सुजला. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. मग आईच्या नावावर सत्यभामाच सुतळीच्या पलीकडे जाऊन बसली. सकाळी खडी फोडायची, विहिरीवर हातपाय धुऊन अकराच्या तासाला वर्गात, संध्याकाळी माझ्याकडे तालमीला.

विठ्ठलरावांचा पुतण्या जालिंदर तिच्याच वर्गात होता. सुतळीजवळ येऊन म्हणायचा, "मजा हाय बाई तुझी! आमी फुकट फोडतो, तुला रोजगार भेटतो."

"फोडतो कशाला म्हनतूस? कालपासून त्यो एकच दगड कुरवाळतोयस. लगीन ठरलंय का त्येच्याशी?"

पलीकडच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. जालिंदरही हसायचा. पोरगा वाईट नव्हता. वाईट होतं ते वेगळंच.

परीक्षा जवळ आली तेव्हा प्राचार्यांनी तिला बोलावलं. मी तिथंच नाटकाच्या पडद्याचं बोलत बसलो होतो.

"श्रमदानाची हजेरी भरली नाही. परीक्षेला बसता येणार नाही."

"सर, मी रोज तिथंच असती की. तुमी रोज बघता."

"तू मजुरी घेतलीस. मजुरी घेतली की ते दान होत नाही."

"दगड त्योच, रस्ता त्योच, हात बी माझेच."

"नियम नियम असतो. संमेलनात काम मात्र करायचं हं, अध्यक्षसाहेबांचे पाहुणे येणार आहेत."

मी मध्ये बोललो, तर प्राचार्य गोड हसून म्हणाले, "मास्तर, आपण नाटकाचं बघा." स्टेजवर मी राजांना खडसावलं आहे, पण त्या खुर्चीपुढं माझा आवाज कामाला आला नाही. सत्यभामा बाहेर आली, पायरीवर बसली. रडली नाही. नुसती तळहातांवरचे फोड बघत होती.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी मुकादम धोंडीराम बैलगाडी घेऊन आला. बायांच्या ढिगांतून खडी भरायची आणि श्रमदानाच्या ढिगावर नेऊन ओतायची, असं चाललं. पाहुणे येणार असले की हे नेहमीचंच होतं, हे मला तेव्हा कळलं. बायांनी खाली बघत हातोडे चालूच ठेवले. बोललं तर उद्या काम मिळणार नाही. त्या दिवशी गाडी मालनबाईच्याही ढिगाला लागली. फोडली सत्यभामेनं, ढिगाचं माप कमी भरून मजुरी कापली जाणार मालनबाईची आणि कौतुक होणार कॉलेजचं. याच खडीपायी तिची परीक्षा बुडणार होती!

"धोंडूमामा, आमची खडी कावून नेता?" सत्यभामेनं विचारलं.

"वरून सांगितलंय बाई. मला बी पोट हाय."

सकाळी विठ्ठलराव पाहुण्यांना घेऊन आले. मुलं ओळीत उभी, मागे तो डोंगराएवढा ढीग, फोटोवाला एक डोळा मिटून तयार. तेवढ्यात सत्यभामा आली. खादीचे कपडे घातलेले, डोक्यावर रिकामं घमेलं. तिनं ढिगातून घमेलं भरलं, सुतळी ओलांडली आणि आईच्या जागेवर रिकामं केलं. पुन्हा आली. पुन्हा भरलं.

"हे काय चाललंय?" प्राचार्य ओरडले.

"ज्येचं त्येला देती, सर. दानात चोरीचं चालत न्हाई ना?"

मग मालनबाई उठली, सुजलेला हात पदरात धरून. डाव्या हातानं घमेलं उचललं. तिच्यामागे छबुबाई, तिच्यामागे सगळ्याच. कुणी ओरडलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. नुसता खडी पडल्याचा आवाज. इतकी वर्षं नाटकात काढली, पण असा प्रवेश मी कधी बसवला नाही. ढीग उतरत उतरत गेला आणि शेवटी मुलांची स्वतःची खडी उरली. एवढीशी. चुलीपुढं राख साचावी तशी. जालिंदर मान खाली घालून उभा होता.

विठ्ठलराव मुरलेले गडी. पाहुण्यांकडे बघून मोठ्यानं हसले. "पोरगी वाघीण हाय! प्राचार्य, बसवा हिला परीक्षेला. माझ्या शब्दाखातर."

"तुमच्या शब्दाखातर नगं," सत्यभामा म्हणाली. "मी हजर व्हते म्हनून बसवा. तसं लिवा."

"हजेरी बदलता येत नाही," प्राचार्य पुटपुटले.

ती वळून जायला निघाली. मी सांगतो, ती खरंच गेली असती. पण मालनबाईनं तिचं मनगट पकडलं. "सत्ये, बस. उपकार कुनाचे का म्हनंनात, पेपर तर तूच लिवनार. माझा हात असा मोडून घेतला त्यो कशाला?"

आईसाठी ती परीक्षेला बसली. संमेलनात मात्र काम केलं नाही आणि मीही तिच्याशिवाय नाटक केलं नाही. बोचकं उचललं, पण निकालापर्यंत तेलगावातच एका ओळखीच्या घरी राहिलो.

ती पहिल्या वर्गात आली. पुढं केजच्या शाळेत बाई झाली, निवृत्त होईपर्यंत शिकवलं. पण मला ती दिसते त्या निकालाच्या दिवशीची. आईचा हात बरा नव्हता, म्हणून उन्हात खडी फोडत बसलेली. अध्यक्षांचा माणूस जीप घेऊन आला. म्हणाला, साहेबांनी बोलावलंय, त्यांना हार घालून आभार मानायचे, पेपरात फोटो द्यायचाय.

सत्यभामेनं मान वर केली नाही. हातोडा चालूच.

"सायबाला म्हनावं, आत्ता जमायचं न्हाई. उठून आले तर मुकादम खाडा लावंल."