काढलेल्यांचं घर

२०२१ साली तो ब्याऐंशी वर्षांचा होता. मेलबर्नजवळ पॉइंट कुकला आमच्या शेजारी राहायचा, मूळचा आयर्लंडचा. मी चौथी शिकलेला. त्याचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं, तरी कुंपणापाशी रोज जमायचं. त्याच्या आज्याचा विषय निघाला की तो मास्क खाली ओढायचा आणि वर घ्यायचं विसरायचा. आजा तिकडे आयर्लंडात जमीनदारांविरुद्ध लढणाऱ्या कुळांचा पुढारी. तुरुंगात गेला, पुढे निवडूनही आला. त्यांचा नियम एकच: ज्या जमिनीवरून कुळाला हुसकलं, तिच्यावर दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही. ठेवला तर गावाने त्याच्याशी बोलायचं नाही.

लॉकडाऊनमध्ये कोपऱ्यावरच्या घरमालकाने एका बाईला मुलांसकट बाहेर काढलं. हा काठी टेकत दारोदार सांगत फिरला, "ते घर कोणी घेऊ नका." मी त्याला शब्द दिला. दिलेला शब्द मी कधी मोडला नव्हता.

महिन्याने माझ्या मुलाने तेच घर भाड्याने घेतलं.

"बाबा, किती दिवस हॉलमध्ये झोपणार? तुम्हाला खोली मिळेल."

"हॉलमध्येच मरेन. मी येणार नाही."

"मग इथे एकटे राहणार? हे घर सोडलंय आपण."

मी ओरडलो, जेवलो नाही, आणि संध्याकाळी माझी गादी उचलून त्यांच्यामागे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या नव्या दारावरून चालला होता. मी हाक मारली. त्याने शेजारच्या बाईला गुड मॉर्निंग म्हटलं, थांबून तिच्या कुत्र्यालाही म्हटलं, आणि पुढे निघून गेला.