जेवणाच्या टेबलावरची बंदी

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, राजाजीनगरातील आमच्या घरी जेवताना जेवणाविषयी अवाक्षर काढण्यास तत्काळ बंदी घालण्यात आली आहे. ‘अजून एक घे’, ‘एवढंच?’ आणि ‘बारीक झालीस’ ही वाक्ये उच्चारणाऱ्यास भरल्या ताटावरून उठवण्यात येईल.

आमच्यासारख्या, दक्षिणेत येऊन राहिलेल्या नागपूरकरांना ही शिक्षा भयंकर होती. आम्ही नाश्ता करताना दुपारच्या जेवणाची चर्चा करतो आणि दुपारी जेवताना रात्रीच्या. नवरा-बायकोत दुसरा एखादा विषय उरलाय का, हे वीस वर्षांत तपासायची वेळच आली नव्हती.

बंदीचं कारण आमची लेक. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती बारीक होत गेली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं कौतुक केलं. समोरच्या अक्का तर तिच्याकडे बोट दाखवून स्वतःच्या सुनेला टोमणे मारायच्या. मीही नणंदेला फोनवर मिरवून सांगितलं, पोरीचा निग्रह बघा, लाडवाकडे ढुंकून बघत नाही. मग तिचे केस पुंजक्यांनी गळू लागले. एप्रिलच्या उन्हात ती स्वेटर घालून बसायची. पाळी बंद झाल्याचं तिने मला सांगितलंच नाही. एक दिवस बसस्टॉपवर ती चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे आमचं कौतुक थांबलं.

अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या धास्तीने जेवण तोडणं, हा परदेशी मॉडेल बायकांचा आजार, अशी माझी पक्की समजूत. इंदिरानगरच्या दवाखान्यात गेलो तर बाकावर बसायला जागा नव्हती. शाळकरी मुली होत्या, जिममध्ये जाणारा एक तरुण होता, आणि एक बाई तर माझ्याच वयाची. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आजार लोकांना वाटतो तेवढा दुर्मीळ नाही. घरचे कौतुक करत बसतात, म्हणून उशिरा कळतो. हाडं ठिसूळ होतात, नाडी मंदावते, जीवही जातो. पोरगी हट्ट करत नाहीये, तिला आरशात खरंच जाड मुलगी दिसतेय. पुढच्या शुक्रवारपर्यंत नाडी सुधारली नाही तर भरती करायचं. तोवर आईबापांनी रोज तिच्यासोबत बसून जेवायचं, आणि जेवण सोडून कशावरही बोलायचं.

नवऱ्याने ऑफिसातल्यासारखी विषयांची यादी काढली: मेट्रो, पाण्याचे टँकर, शहराबाहेर देवनहळ्ळीत प्लॉट घ्यावा का. यादी पहिल्या दिवशी दुसऱ्या पोळीआधीच संपली. तिसऱ्या दिवशी तो गांडुळांवर बोलला. लेक पोळीचे मुंगीला पुरतील एवढे तुकडे करायची, एकेक तुकडा रडत गिळायची. एकदा मलाही रडू आलं, पण नवऱ्याने गांडुळं थांबवली नाहीत. त्या दिवशी मला तो फार आवडला.

गुरुवार उजाडला. दुसऱ्या दिवशी तपासणी. त्या काळजीत मी आमटी केली, भात केला, ताटं वाढली. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि त्याच्या भुवया कपाळावर चढल्या. मग त्याने प्लॉटच्या दरांवर नको इतक्या उत्साहाने बोलायला सुरुवात केली. मी आमटी चाखली आणि कळलं, मीठच घातलं नव्हतं. पण बोलणार कशी? कायदा आमचाच. उठून बरणी आणली तरी तो जेवणावरचा शेराच. मी गंभीरपणे मान डोलावत विचारलं, तिकडे पाण्याची काय सोय आहे? आम्ही दोघं ती आमटी तीर्थासारखी गिळत राहिलो.

लेक नेहमीसारखी ताटाकडे बघत बसली होती. बऱ्याच वेळाने तिने आमटी-भाताचा घास घेतला. थांबली. मग दुसरा घेतला, चांगला मोठा, खात्री करून घ्यावी तसा. आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली,

“आई, आमटीत मीठ नाहीये. आणि तुम्ही दोघं काय प्लॉट-प्लॉट करताय, जिभा गेल्या का तुमच्या?”