शेपटीवरचा नंबर

मँचेस्टरबाहेरच्या सेल गावातल्या घरून निघून कालव्याच्या काठानं चालत स्ट्रेटफर्ड आलं, तरी रघुवीर अवाक्षर बोलले नव्हते. सुनेत्राचे गुडघे मात्र बोलायला लागले होते.

"भाऊजी, बसू या का जरा? की मँचेस्टर गाठूनच थांबायचं?"

ते बाकावर टेकले आणि खिशातला फोटो काढून नुसते बघत राहिले.

रघुवीर तिच्या नवऱ्याचे जुने दोस्त, तीन घरं सोडून राहणारे. जन्म गेला ट्रॅमच्या डेपोत, दुरुस्तीवर. बायको गेल्यावर त्यांनी वेगळाच नाद लावून घेतला. महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीत शेकडो विमानं जागच्या जागी बेवारस पडली होती आणि इंग्रज शिपायांनी त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढले होते. ते फोटो नि जुनी दफ्तरं ताडून कुठलं विमान कोण चालवत होतं, हे रघुवीर शोधायचे. सुनेत्रा म्हणायची, "माणसांची श्राद्धं ऐकली होती बाई, विमानांची नव्हती."

गेल्या वर्षी ब्रेमेनच्या इंग्रिडबाईंचं पत्र आलं. वय चौऱ्याऐंशी. वडील वैमानिक, युद्धाच्या शेवटच्या महिन्यात विमानासकट बेपत्ता झालेले. त्या विमानाचा नंबर रघुवीरना एका फोटोत शेपटीवर सापडला. विमान अख्खं, चाकांवर उभं. 'तुमचे वडील सुखरूप उतरले होते,' असं त्यांनी सही करून कळवलं. त्या दिवशी सुनेत्रानं देवापुढे साखर ठेवली होती.

"ग्लासगोच्या एकानं त्याच विमानाचा हा दुसरा फोटो पाठवलाय," रघुवीर म्हणाले. "पुढच्या अंगाला पत्र्याची पट्टी दिसते, बघा. तिच्यावर नंबर वेगळा आहे. धड दुसऱ्याच विमानाचं, वहिनी. इंग्रिडबाईंच्या वडिलांचं विमान आधीच कुठंतरी मोडलं असणार. त्याची नुसती शेपटी काढून याला लावलीय."

"आणि वडील?"

"कुणास ठाऊक. तीस वर्षं एका ट्रॅमचं दार काढून दुसरीला बसवत आलो. मलाच हे सुचू नये?"

सुनेत्रा फोटोवर वाकून ती पट्टी बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "एवढ्या वयाच्या बाईला आता कशाला सांगायचं? देवाला कळतंय की तुमच्या मनात खोट नव्हती."

"देवाला कळतंय हो. पण तिनं विमानाचा तो पहिला फोटो फ्रेम करून वडिलांच्या फोटोशेजारी लावलाय. पुढच्या महिन्यात मुलाला घेऊन त्या फोटोतल्या विमानतळावर फुलं वाहायला निघालीय. परक्याच्या विमानापायी."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. दोन रात्री झोप नसलेले डोळे.

"चार वाजता फोन करतो म्हणून कळवलंय तिला. तुम्ही शेजारी येऊन बसाल, वहिनी? तिचा आवाज ऐकला की मी विरघळतो. मी गोड काही सांगायला लागलो, तर सरळ हात धरा माझा."