कुंकू लावलेला बल्ब

माझा नवरा हेमचंद्र म्हणजे ओटावातला सगळ्यात भित्रा माणूस. बर्फासाठीचे विंटर टायर पानं गळायच्या आत लावून मोकळा होतो. स्टेजवर जाऊन दोन शब्द बोल म्हटलं की त्याला घाम फुटतो. म्हणून कनाटा या उपनगरातली नोकरी सांभाळून तो मराठी मंडळाच्या नाटकांचे लाईट बघतो, प्रेक्षकांच्या मागे, काचेच्या केबिनमध्ये बसून.

स्पॉटलाईट मला त्यानेच समजावला. बल्बच्या मागे आरसा, पुढे नळीत जाड भिंग. भिंग पुढेमागे सरकवलं की स्टेजवरच्या गोलाची कड धारदार होते, नाहीतर सायीसारखी मऊ. आणि एक धाक कायमचा: बल्बच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल राहतं तिथे काच जास्त तापते आणि बल्ब फुटतो. त्यात भिंग तडकलं तर गरम तुकडे थेट खाली.

२०१७च्या दिवाळीतल्या प्रयोगात तिसऱ्या प्रवेशाला मी एकटी होते, त्या एकाच गोलात. मी विंगेत उभी असताना सुरेखाकाकू जवळ आल्या. प्रयोगाआधीची पूजा त्याच करतात.

"अगं सुमेधा, सकाळी त्या स्पॉटच्या नव्या बल्बलाही कुंकू लावलं हो. बॉक्स ओपनच होता. मग तुझा नवरा अपसेट होईल म्हणून पदराने पुसून टाकलं."

म्हणजे काचेला बोट लागलंच होतं. केबिनकडे धावणार, तोच अंधार झाला आणि माझी एन्ट्री आली.

गोल पडला. मी वाक्यं बोलत होते, पण सगळं लक्ष वरच्या दिव्याकडे. मरणाची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. शेवटी हळूच गोलाबाहेर सरकले. केबिनमधल्या बिचाऱ्याला वाटलं, उजेड कमी आहे म्हणून हिला जागा सापडत नाहीये. त्याने लाईट फुल केला.

फाटकन आवाज झाला. मिट्ट काळोख. वर नळीत काचा खळखळल्या. मी डोक्यावर हात घेऊन खाली बसले.

कुणीतरी धावत आलं, पायरीला ठेचकाळलं. माझ्या केसांतून, मानेवरून बोटं फिरू लागली. काचेचे तुकडे शोधत होती.

"खाली काही पडलं नाही. भिंग टिकलं," तो म्हणाला. "तुला लागलं का कुठे?"

कुणीतरी हॉलचे दिवे लावले. भरल्या हॉलसमोर, स्टेजच्या मधोमध, हेमचंद्र माझं डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता. समोर लोक आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं.