आनमुडीला जायचा बेत

मुलांनो, तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं की येत्या सुट्टीत तुम्ही तिकडच्या कुठल्याशा राष्ट्रीय उद्यानात डोंगर चढायला जाणार आहात, आणि सगळा बेत कॉम्प्युटरवर एका संध्याकाळी ठरला. आमचा बेत पाच महिने चालला होता. तो लिहून ठेवते. तुम्हाला ही अक्षरं लागत नाहीत, म्हणून बाबांनी वाचून दाखवावं. मधेमधे पदरचं काही घालू नये.

तंजावुरात तेव्हा एस.टी.डी.चे पिवळे बूथ नुकतेच झाले होते. तुमचे बाबा कॉलेजात, दूरच्या गावी. घरात आम्ही चौघंच: तुमचे आजोबा, मी आणि माझे सासू-सासरे. सासऱ्यांना मी मामंजी म्हणे. त्यांनी सारी नोकरी शाळेत भूगोल शिकवला. आमचा मुलूख ताटासारखा सपाट, जिकडे बघाल तिकडे कालवे आणि भाताची खाचरं. त्या सपाटीवर उभं राहून ते दर वर्षी नव्या मुलांना सांगत, हिमालयाच्या दक्षिणेला सगळ्यांत उंच शिखर आनमुडी. एकदा एका मुलाने विचारलं, "सार, तुम्ही बघितलंय?" मामंजी हो म्हणाले. ते खोटं होतं.

हे त्यांनी मला सांगितलं ते तिरुच्चीहून परत येताना, बसमध्ये. ते उंबऱ्यांना अडखळायला लागले म्हणून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, कडेची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. मधली आहे, ती औषधाने टिकवू. किती दिवस, ते सांगता येत नाही. बस कल्लणै धरणाच्या बाजूने चालली होती. मामंजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कां गे, आनमुडी इथून किती लांब असेल?"

त्याच आठवड्यात मी एक कोरी वही काढली. तीत वाट लिहिली: तिरुच्ची, मदुरै, तेनी, बोडी, मुन्नार. मुन्नारजवळ ते राष्ट्रीय उद्यान, आणि उद्यानातल्या पायवाटेवरून समोर आनमुडी. शिखरावर कुणाला जाऊ देत नाहीत, पण मामंजींना चढायचं नव्हतं, बघायचं होतं. मी उद्यानाच्या कार्यालयाला इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं. वाट किती मैल, चढ केवढा, जळवा असतात का, साडी नेसून चालता येईल का, वृद्ध माणसाला मधे बसायला जागा आहे का. प्रश्नांना क्रमांक घातले होते.

मग आमच्या दुपारी डोंगरातच जाऊ लागल्या. जेवणं झाली की मामंजी झोपाळ्यावर बसत, मी खाली वही घेऊन. ते म्हणत, "वाच." मी वाचे, "बोडीहून सकाळची बस." ते डोळे मिटून पुढचं सांगत. आता घाट लागला, आता कान बंद झाले, आता निलगिरीच्या पानांचा वास, आता चहाचे मळे. त्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. झोपाळ्याच्या कड्या संथ कुरकुरत, बाहेर ऊन पांढरं होऊन पडलेलं असे, आणि माझ्या हातांवर खरोखर गारवा येई. कितीदा तरी मी वाचता वाचता पेंगले आणि जागी झाले तेव्हा ते धुक्यातून कुठेतरी वर पोचलेले असत.

एकदा त्यांनी मला समोच्च रेषा शिकवल्या. मी अंगणात कोलमच्या, म्हणजे तिकडच्या रांगोळीच्या, पिठाने त्या काढल्या, वळ्यात वळं, वळ्यात वळं, मधे शिखर. शेजारच्या अक्का डोकावल्या. "हे कुठल्या सणाचं कोलम?"

"आठ हजार फुटांचं," मामंजी म्हणाले.

चालायचा सराव हवा होता. आमच्या गावात चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. रोज पहाटे मी आणि मामंजी तो चार वेळा चढायचो नि उतरायचो. मी साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट घालायला लागले. सासूबाईंनी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणाल्या, "पोलिसात नोकरी लागली वाटतं."

तुमचे आजोबा ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत होते. मार्च लागला की तिथे रजा नाही. म्हणून फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ठरला. निघायचा दिवस चांगला नव्हता, पण चार दिवस आधीचा मुहूर्त उत्तम होता, म्हणून सासूबाईंनी परस्थान ठेवायला सांगितलं. ही आमच्याकडची जुनी रीत. चांगल्या वेळेला आपल्याला निघता येत नसेल तर सामानातली एक पेटी त्या वेळेला शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास सुरू झाला. एकदा ठेवलेली पेटी प्रवास झाल्याशिवाय घरात आणायची नाही, आणि प्रत्यक्ष निघेपर्यंत उघडायचीही नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पण मुकाट्याने नेऊन ठेवली. पेटीत मामंजींचा स्वेटर, माफलर आणि आम्हा दोघांचे बूट. वहीत खूण केली: पूर्ण.

दुसऱ्या दिवशी उद्यानाचं उत्तर आलं. माझ्या प्रत्येक प्रश्नाला क्रमांकाने, फार सभ्य उत्तर होतं. शेवटी एक ओळ होती: हे दिवस वरैयाडूंच्या विणीचे असल्याने उद्यान दोन महिने बंद आहे. वरैयाडु म्हणजे कड्यावरची रानशेळी. जळवांपर्यंत सगळं विचारणाऱ्या मला, उद्यान तेव्हा उघडं असतं का, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

आजोबा म्हणाले, "कोडैकानलला जाऊ. डोंगर तो डोंगर."

"नाही," मामंजी म्हणाले. "बाळंतिणींना त्रास नको. थांबू या."

"तुमच्या डोळ्यांचं काय?" आजोबांनी विचारलं.

मामंजींनी झोपाळ्याला पायाने रेटा दिला.

पेटी अक्कांकडेच राहिली. त्यांच्या ओसरीवर ती वाटेत येई. दोन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "शेळ्या बाळंत होतायत मुन्नारला आणि माहेरपण करतेय मी तुमच्या पेटीचं." मी सासूबाईंना विचारलं, निदान बूट काढून घेऊ का? त्या म्हणाल्या, "प्रवासाला गेलेल्या माणसाच्या पायातले बूट काढतं का कोणी?" आम्ही चपला घालून पूल चढत राहिलो.

त्या दोन महिन्यांत मी रोज त्यांची नजर मोजत होते. समोर बसून बोट बाजूला नेई आणि विचारी, दिसतंय? मार्चच्या सुरुवातीला बोट माझ्या खांद्यापलीकडे जाईपर्यंत दिसे. महिनाअखेर खांद्याच्या आतच हरवू लागलं. एकदा पुलावर एक सायकलवाला डाव्या अंगाने घासून गेला, तो त्यांना दिसलाच नाही. घरी आल्यावर मी आजोबांना म्हटलं, मी एक ओळ विसरले आणि त्यांचे दोन महिने गेले. आत झोपाळ्यावरून मामंजींनी हाक मारली, "कां गे, बोडीची बस सुटते आहे. वही आण." मी गेले आणि वाचलं. त्यांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा हळू घाट चढवला.

उद्यान उघडल्याचं कळलं त्याच आठवड्यात अक्कांच्या ओसरीवरून पेटी उचलून आम्ही तिघे निघालो. सासूबाई आल्या नाहीत. म्हणाल्या, "मला कोलममध्ये दिसला तेवढा पुरे." बोडीनंतर घाट लागला. मी विचारलं, "कान बंद झाले?" ते हसले आणि मान हलवली. चहाचे मळे ते सांगत त्यापेक्षा कितीतरी हिरवे होते, इतके की खोटे वाटत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानातल्या वाटेवर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. गवतात वरैयाडु चरत होत्या, पिल्लं आयांच्या पायांत घुटमळत होती. समोर नुसता ढग होता. वाटेच्या वळणावर आम्ही उभे राहिलो. कितीतरी वेळाने तो ढग, कोणी पदर बाजूला घ्यावा तसा सरला, आणि एक प्रचंड काळसर पाठ समोर आली.

मी मामंजींचे खांदे धरून त्यांना तिकडे वळवलं. त्यांना आधी नुसतं आभाळ दिसलं. मग त्यांनी मान हळूहळू खाली आणली, पुन्हा वर नेली. बोटाने हवेत एक रेघ ओढली. "हा माथा," ते म्हणाले. "हा उजवा खांदा. केवढा आहे हा. एका वेळी मावत नाही."

तेवढ्यात ढग परत आला आणि सगळं पुसलं गेलं. आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं. परतीच्या जीपची वेळ होत आली होती.

"अजून डावी बाजू राहिली," मामंजी ढगाकडे बघत म्हणाले.

आजोबा मुकाट्याने वाटेच्या कडेला गवतावर बसले. मी मामंजींना बसवलं, आणि ढग पुन्हा सरकायची वाट बघत आम्ही तिघे तिथेच राहिलो.